एका पेटीच्या मागावर : ल्यों, ला सिओता, पॅरिस

मंगळवार, ल्यों

फ्रान्समधल्या ल्योंला येणारे बहुतेक जण जुन्या गावात फिरतात, रेशमाची दुकानं पालथी घालतात, टेकडीवरचं चर्च बघतात आणि भरपेट जेवून पुढे निघतात. आम्ही हॉटेलात बॅगा टाकल्या, मेट्रोची ‘डी’ लाइन पकडली आणि थेट मोंप्लेझीर-लुमिएर स्टेशनला उतरलो. चर्च नंतर, असं आप्पांनी आधीच बजावलं होतं.

आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांची उभी हयात कोल्हापुरात थिएटरच्या केबिनमध्ये प्रोजेक्टर चालवण्यात गेली. प्रोजेक्टरच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या जुळवण्यापासून ते डिजिटल आल्यावर घरी बसण्यापर्यंत सगळं पाहिलेला माणूस. ‘मशीन जिथं झालं ती जागा बघायची’ एवढीच त्यांची मागणी होती, त्यामुळे प्रवासाचा नकाशा आपोआप ठरला. पेटी, म्हणजे चित्रण करणारा आणि ते पडद्यावर दाखवणारा लुमिएर भावांचा ‘सिनेमॅटोग्राफ’, तयार झाली ते ल्यों, तिने समुद्र आणि आगगाडी टिपली ते ला सिओता, आणि तिने तिकिटाचे पैसे कमावले ते पॅरिस.

स्टेशनाजवळच लुमिएर कुटुंबाचा वाडा आहे. १८९९ ते १९०२ या काळात बांधलेला, दिमाखदार, जरा जास्तच दिमाखदार. आजूबाजूचे लोक त्याला किल्लाच म्हणायचे. हा थाट थोरल्या लुमिएरांचा, म्हणजे आंत्वान यांचा. हा गृहस्थ आधी दुकानांच्या पाट्या रंगवायचा, मग फोटोग्राफर झाला. (आमच्या कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमात आले, हे आप्पांनी मला तिथल्या तिथे ऐकवलं.) पैसा मात्र आणला धाकट्या लुईने. सतरा वर्षांच्या या पोराने फोटोच्या कोरड्या काचा अशा काही बनवल्या की ‘निळं लेबल’ नावाने त्या जगभर विकल्या गेल्या आणि कारखान्यात तीनेकशे कामगार राबू लागले. सिनेमा आला तो या भरल्या घरात. उपाशी संशोधक, गळकं छप्पर वगैरे इथे काही नाही.

वाड्यात आता संग्रहालय आहे. त्यात एडिसनचं किनेटोस्कोपही आहे. उभं लाकडी कपाट, वर डोळा लावायला भोक, आत विजेच्या मोटारीवर सलग पळणारी पट्टी. एका वेळी एकाच माणसाने बघायचं. १४ एप्रिल १८९४ रोजी न्यूयॉर्कमध्ये अशा कपाटांचं दुकान उघडलं आणि त्याच वर्षी आंत्वाननी ते यंत्र पॅरिसमध्ये पाहिलं. घरी येऊन त्यांनी पोरांना कामाला लावलं, की चित्र या कपाटातून बाहेर काढा.

अडचण होती ती पट्टी थांबवण्याची. पडद्यावर चित्र स्वच्छ दिसायचं तर प्रत्येक चौकट भिंगासमोर क्षणभर ठप्प उभी राहिली पाहिजे, मग झटक्यात पुढची यायला पाहिजे, आणि ती सरकत असताना उजेड अडला पाहिजे. हे सेकंदाला सोळा वेळा. थोरला भाऊ ऑग्युस्त काही महिने खटपट करत होता. लुईला एका रात्री झोप लागेना आणि शिलाई मशीनमध्ये कापड जसं पुढे सरकतं तशी युक्ती त्याला सुचली, असं हे घराणं सांगतं. दोन दात पट्टीच्या भोकांत शिरतात, खाली ओढतात, मागे होतात, रिकामे वर येतात. कारखान्यातला मुख्य मेकॅनिक शार्ल म्वासों याने पहिला नमुना बनवला. १३ फेब्रुवारी १८९५ रोजी पेटंट घेतलं गेलं.

काचेच्या कपाटात ती पेटी आहे. लाकडी, पितळी हँडलची, खांद्याला लटकवून हिंडता येईल एवढी. आप्पा तिच्यासमोर बराच वेळ वाकून उभे होते. मग म्हणाले, “चौकटीला एकच भोक?”

खरंच. एडिसनच्या पट्टीला प्रत्येक चौकटीमागे दोन्ही कडांना चार-चार चौकोनी भोकं, आणि लुमिएरच्या पट्टीला कडेला एकेकच, तेही गोल. पुढे जगाने एडिसनची भोकं उचलली. आप्पांनी जन्मभर हाताळलेली पस्तीस मिलिमीटरची पट्टी चार भोकांचीच. “एका भोकावर एवढी ओढ,” ते पुटपुटले, “पट्टी फाटत असणार वरचेवर.” संग्रहालयातल्या फलकावर असलं काही लिहिलेलं नसतं.

पण मला त्या पेटीचं खरं मोठेपण आकारात दिसलं. एडिसनचा कॅमेरा इतका बोजड की तो एका जागीच असायचा. न्यू जर्सीत त्यासाठी काळ्या कागदाने मढवलेली खोली बांधली होती आणि उन्हाच्या मागे ती अख्खी खोलीच रुळांवर फिरवायची. नट, पैलवान, नाचणाऱ्या बायका तिथे येणार आणि कॅमेऱ्यासमोर आपली कला दाखवणार. लुमिएरची पेटी पाचेक किलोची, हाताने फिरवायची, विजेची गरज नाही. त्यातून कॅमेरा, प्रत काढायचं यंत्र आणि मागे दिवा लावला की प्रोजेक्टरही झाला. त्यामुळे जग कॅमेऱ्याकडे यायच्या ऐवजी कॅमेराच जगाकडे निघाला. पुढचं सगळं, अगदी मुंबईपर्यंतचं, या हलकेपणातून घडलं असं माझं मत आहे.

संध्याकाळी मागची शेड पाहिली. रस्त्याचं नावच ‘पहिल्या चित्रपटाचा रस्ता’. कारखाना पाडला गेला, ही लाकडी छताची शेड तेवढी वाचली आणि तिच्यात आता चित्रपटगृह आहे. १८९५ च्या मार्चमध्ये लुईने इथे समोर कॅमेरा मांडला आणि जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडणारे कामगार टिपले. बहुतेक बायकाच, लांब घागरे आणि टोप्या, एक कुत्रं, सायकलवाले. पन्नास सेकंदांत संपतं. याचे तीन प्रकार उपलब्ध आहेत आणि ते घोड्यांवरून ओळखतात: एकात गाडीला एक घोडा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात घोडाच नाही. म्हणजे ‘पहिला माहितीपट’ म्हणून ज्याचं कौतुक होतं त्याचे रीटेक झाले होते! शेवटच्या प्रकारात फाटक वेळेत लागावं म्हणून मंडळी चांगलीच लगबगीने निघताना दिसतात. मालक स्वतः हँडल मारतोय म्हटल्यावर कोण रेंगाळेल?

बुधवार, ल्यों

सकाळी कोर्दलिए चौकात गेलो. पॅरिसच्या पहिल्या खेळात दाखवलेल्या दहा तुकड्यांपैकी एक याच चौकाचा आहे: घोड्यांच्या ट्राम, टांगे, रस्ता ओलांडणारी माणसं. आता बसगाड्या आणि स्कूटर. आप्पांनी मोबाइलवर पन्नास सेकंदांचं चित्रण केलं आणि एकदाही मोबाइल हलवला नाही, कारण त्या पेटीलाही मान वळवता येत नव्हती. पट्टी सतरा मीटरची, हँडलच्या एका फेऱ्याला आठ चौकटी, सेकंदाला दोन फेरे. पट्टी संपली की खेळ खलास.

दुपारी गियोतिएरच्या दफनभूमीत दोघा भावांची कबर पाहिली. वाड्यात काल राहिलेली दालनंही उरकली. त्यातल्या रंगीत फोटोंच्या काचांनी मला सिनेमापेक्षा जास्त वेळ अडवलं. १९०७ मध्ये बाजारात आलेली ही ऑतोक्रोम पद्धत चक्क बटाट्याच्या स्टार्चवर चाले. स्टार्चचे बारीक कण नारिंगी, हिरव्या आणि जांभळ्या रंगांत रंगवून काचेवर पसरायचे आणि त्यातून प्रकाश गाळून घ्यायचा. लुईला स्वतःला या शोधाचा फार अभिमान होता. ऑग्युस्त तर वैद्यकाकडे वळला. भाजलेल्या जखमेला न चिकटणारी जाळीची पट्टी त्याने महायुद्धाच्या काळात तयार केली. सिनेमा या दोघांनी काही वर्षं केला आणि सोडून दिला.

चर्चला जायचं राहिलंच.

गुरुवार, ला सिओता

ल्योंहून मार्सेय, तिथून किनाऱ्याने जाणारी लोकल. ला सिओताचं स्टेशन गावापासून चांगलंच लांब आहे, पण आप्पांना गावात जायची घाईच नव्हती. ते फलाटाच्या कडेला उभे राहून, लुमिएरांनी गाडी स्टेशनात येतानाचा तुकडा घेतला तेव्हा कॅमेरा नेमका कुठे ठेवला असेल याचा अंदाज घेत राहिले. त्या तुकड्यात गाडी लांबून ठिपक्यासारखी दिसते, तिरकी जवळ येते आणि डाव्या बाजूने चौकटीबाहेर निघून जाते. कॅमेरा जागचा हलत नाही, पण एकाच तुकड्यात लांबचं दृश्य, मधलं दृश्य आणि जवळचे चेहरे तिन्ही मिळतात. फलाटावरच्या गर्दीत लुमिएरांच्या घरचीच काही माणसं होती.

हा तुकडा पाहून पॅरिसचे प्रेक्षक घाबरून खुर्च्या सोडून पळाले, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. माझा तिच्यावर विश्वास नाही. एक तर पॅरिसच्या पहिल्या खेळात हा तुकडा नव्हताच. तो जानेवारी १८९६ मध्ये दाखवला गेला. दुसरं म्हणजे त्या वेळच्या वर्तमानपत्रांत अशा पळापळीचा भक्कम दाखला अभ्यासकांना मिळालेला नाही. लोक दचकले असतील, ओरडले असतील, हसले असतील. पैसे देऊन भुताटकीचे आणि जादूचे खेळ बघणारं पॅरिस होतं ते. पण ‘पूर्वीचे लोक भोळे’ ही कल्पना आपल्याला फार सुखावते, त्यामुळे गोष्ट मरत नाही. आप्पा म्हणाले, थिएटरात पळापळ त्यांनी दोनदाच पाहिली, आणि दोन्ही वेळा पडद्यामुळे नव्हे, तर साप निघाला म्हणून.

गावात समुद्रकाठी एडन नावाचं पिवळं थिएटर आहे. १८८९ चं. जगातलं सर्वात जुनं चालू चित्रपटगृह असा त्याचा दावा. १८९९ मध्ये इथे लुमिएरांचे तुकडे तिकीट लावून दाखवले. मधे पडझड होऊन बंद होतं, २०१३ मध्ये पुन्हा उघडलं. आतली गॅलरी छोटीशी, लाल-सोनेरी. केबिन बघायला मिळेल का, असं मी तोडक्यामोडक्या फ्रेंचमध्ये विचारलं आणि आप्पांकडे बोट करून ‘प्रोजेक्शनिस्त’ म्हटलं. या शब्दाने दार उघडलं. पुढची वीस मिनिटं तिथला माणूस फ्रेंचमध्ये आणि आप्पा कोल्हापुरीत बोलत होते, मधे मी नुसती उभी. दोघांनाही माझी गरज पडली नाही.

इथल्याच किनाऱ्यावर लुईने पोरांच्या समुद्रात उड्या टिपल्या. फळीवरून धावत यायचं, पाण्यात पडायचं, किनाऱ्याने परत यायचं, पुन्हा फळीवर. मुंबईतल्या पहिल्या खेळाच्या जाहिरातीत ‘समुद्रस्नान’ नावाचा तुकडा आहे, तो बहुधा हाच. बंदरावर जुन्या जहाजबांधणीच्या कारखान्याच्या अवाढव्य क्रेन अजून उभ्या आहेत. पेताँक हा लोखंडी गोळ्यांचा खेळही याच गावात सुरू झाला आणि खरं सांगायचं तर गावकऱ्यांना सिनेमापेक्षा त्याचंच जास्त कौतुक दिसलं.

शुक्रवार, गाडीत

मार्सेय ते पॅरिस, तीनेक तास. खिडकीतून काही टिकत नाही इतका वेग. ही गाडी दिजोंवरून जात नाही, तरी मला लुई ल प्रँसची गोष्ट आठवली आणि ती आप्पांना सांगितली. हा फ्रेंच माणूस इंग्लंडमध्ये लीड्सला राहायचा. ऑक्टोबर १८८८ मध्ये, म्हणजे लुमिएरांच्या सहा-साडेसहा वर्षं आधी, त्याने सासुरवाडीच्या बागेत फेऱ्या मारणाऱ्या चार माणसांचं चित्रण केलं. दोनच सेकंद टिकतं, पण चालतं. १६ सप्टेंबर १८९० रोजी तो दिजोंला पॅरिसच्या गाडीत बसला. पॅरिसला उतरलाच नाही. माणूस नाही, सामान नाही. घरच्यांचा संशय एडिसनवर होता, पुरावा काहीही नाही.

“मग पहिला कोण?” आप्पांनी विचारलं. माझ्या मते प्रश्नच चुकीचा आहे. पट्टी कोडॅकच्या ईस्टमनची, भोकं एडिसनकडच्या डिक्सनची, चित्रं वेगाने घ्यायची कला मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाची, आणि ‘सिनेमॅटोग्राफ’ हे नावसुद्धा लेओं बुली नावाच्या माणसाने १८९२ मध्ये पेटंटात वापरून झालेलं. पुढची फी भरता न आल्याने ते मोकळं झालं. लुमिएरांनी या सगळ्याची नीट चालणारी पेटी केली. आप्पांना हे पटलं नाही. चालणारी पेटी करतो तोच पहिला, असं त्यांचं म्हणणं. आनंदराव आणि बाबूराव पेंटरांनी परदेशी प्रोजेक्टर उघडून बघून कॅमेरा बनवायला घेतला. आनंदराव मधेच गेले, बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून १९१८ मध्ये तो पुरा केला. कोल्हापूरच्या माणसाशी या विषयावर वाद घालू नये.

शनिवार, पॅरिस

१४, बुलवार दे कपुसीन. तेव्हाचं ग्रँड कॅफे, आता मोठं हॉटेल. भिंतीवर पाटी आहे, पण ऑपेराजवळच्या त्या गर्दीत ती वाचायला कोणी थांबत नाही. २८ डिसेंबर १८९५, शनिवार. तळघरातल्या ‘इंडियन सलोन’ नावाच्या खोलीत एक फ्रँक तिकीट. कॅफेच्या मालकाला आंत्वाननी उत्पन्नाचा पाचवा हिस्सा देऊ केला होता. तो म्हणाला, नको बाबा, रोजचे तीस फ्रँक भाडं द्या. पहिल्या दिवशी तेहतीस माणसं आली, तेव्हा त्याला आपण शहाणे ठरलो असं वाटलं असेल. काही आठवड्यांत रोज दोन हजारांवर माणसं येऊ लागली आणि रस्त्यावर रांगा लागल्या.

त्या पहिल्या दिवशी जादूगार जॉर्ज मेलिएस हजर होता. त्याने तिथल्या तिथे यंत्राला दहा हजार फ्रँक देऊ केले, आंत्वाननी नाही म्हटलं. मेलिएसने लंडनहून रॉबर्ट पॉलचं यंत्र आणलं आणि स्वतःचा मार्ग काढला. त्याचं थिएटर याच रस्त्याने पुढे, बुलवार देझितालियँवर होतं. ते १९२० च्या दशकात नवा रस्ता पुढे नेताना पाडलं गेलं. चंद्रावरच्या सफरीचा चित्रपट काढणारा हा माणूस म्हातारपणी मोंपार्नास स्टेशनात खेळणी विकत होता.

आणखी थोडं चाललं की ग्रेव्हँ हे मेणाच्या पुतळ्यांचं संग्रहालय. लुमिएरांच्या तीन वर्षं आधी, २८ ऑक्टोबर १८९२ पासून, इथे एमिल रेनो हाताने रंगवलेल्या चित्रांच्या लांब पट्ट्या पडद्यावर हलवून दाखवायचा. रोज खेळ, पाच लाखांच्या आसपास प्रेक्षक. मग सिनेमा आला आणि त्याचा धंदा बसला. वैतागून त्याने आपली यंत्रं फोडली, बहुतेक पट्ट्या सीन नदीत फेकल्या. १८९२ हेच साल आपल्याकडे कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांचं. काचांवर रंगवलेली रामायण-महाभारतातली चित्रं दिव्याने पडद्यावर टाकून ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ ते तेव्हापासून करू लागले. पॅरिस आणि कल्याण एकमेकांना ओळखत नव्हते, पण दोन्हीकडे अंधारात बसून पडद्याकडे बघायची सवय लागलेली होती. प्रेक्षक तयार होता, पेटी नंतर आली.

दुपारनंतर आप्पांच्या आग्रहाने र्‍यू जाँ-गुजाँवर गेलो. ४ मे १८९७ रोजी इथे धर्मादाय जत्रा भरली होती. लाकूड आणि कापडाचा मांडव, एका कोपऱ्यात सिनेमा. प्रोजेक्टरच्या दिव्यात ईथर भरताना कोणीतरी काडी ओढली. सव्वाशेच्या आसपास माणसं जळून गेली, बहुतेक खानदानी स्त्रिया. तिथे आता स्मारक म्हणून बांधलेलं देऊळवजा चर्च आहे. आप्पांनी केबिनमधले नियम सांगितले: वाळूच्या बादल्या, पडद्याकडच्या झरोक्यावर झटकन पडणारी लोखंडी झडप, आणि आत विडी नाही म्हणजे नाही. हे नियम असल्या आगींतून आले. जुनी नायट्रेटची पट्टी तर पाण्याखालीही जळत राहते.

रविवार, पॅरिस

र्‍यू रेओम्यूरवरचं तंत्रज्ञानाचं संग्रहालय, आर ए मेतिए. मोठं प्रकरण आहे, दिवसभर कमी पडेल. आम्ही वाफेची इंजिनं, तराजू, विमानं सगळं मागे टाकून सिनेमाच्या यंत्रांकडे गेलो. एत्येन-ज्यूल मारे हा शरीरशास्त्रज्ञ. पक्षी उडतो कसा, हे त्याला मोजायचं होतं. १८८२ मध्ये त्याने बंदुकीसारखा कॅमेरा केला, सेकंदाला बारा फोटो घेणारा. करमणुकीशी त्याला देणंघेणं नव्हतं. डोळ्यांना दिसतं तेच पडद्यावर पुन्हा दाखवण्यात काय अर्थ, असा त्याचा एकूण सूर.

लुमिएरची पेटी इथेही भेटली. तिच्या दिव्याची युक्ती मी आप्पांसाठी वाचून ठेवली होती. दिव्याच्या आणि पट्टीच्या मधे पाण्याने भरलेला काचेचा गोळा ठेवायचे. तो भिंगाचं काम करी आणि उष्णताही शोषून घेई. गोळा फुटला तर उजेड विखुरणार, पट्टी पेटणार नाही. जाँ-गुजाँवरची राख कालच पाहिल्यासारखी होती, त्यामुळे आप्पा या गोळ्यावर बेहद्द खूश झाले. “डोकं आहे,” त्यांनी दाद दिली. वाड्यातल्या निम्म्या वस्तूंना त्यांनी एवढं म्हटलं नव्हतं.

मग बाहेर बाकावर बसून मी त्यांना मारिउस सेस्तिएची हकीकत सांगितली. लुमिएरांनी पेट्या विकायला न काढता आपली माणसं शिकवून देशोदेशी पाठवली. सेस्तिए पेशाने औषधविक्रेता. निघाला होता ऑस्ट्रेलियाला, वाटेत मुंबई. ७ जुलै १८९६ रोजी काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात त्याने सहा तुकडे दाखवले, तिकीट एक रुपया. पॅरिसच्या तळघरानंतर जेमतेम सहा महिने झाले होते. आठवड्याभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले, चार आण्यांपासून तिकिटं लागली, पडदानशीन बायकांसाठी वेगळी सोय झाली. पण त्याने मुंबईत स्वतः हँडल मारून जे चित्रण केलं ते काही जमलं नाही. कंपनीच्या यादीत ते कधी आलंच नाही.

“औषधवाल्याला एक्स्पोजर काय कळणार,” आप्पा म्हणाले. “मग आपल्याकडं पहिलं कुणाचं जमलं?”

सावे दादांचं, मी म्हटलं. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, मुंबईत फोटोचा स्टुडिओ. वॉटसनचा खेळ त्यांनी पाहिला असं सांगतात. एकवीस गिनी मोजून विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनला कुस्ती लावून ती टिपली.

कुस्ती म्हटल्यावर कोल्हापूरचा माणूस सरसावून बसला. थोडा विचार करून म्हणाले, “हुशार माणूस. कॅमेऱ्याला मान वळवता येत नाही, तर कुस्तीच घ्यायची. पैलवान हौद्याबाहेर जाणार कुठं?”